नगाऱ्याखालची पाठ

धुळ्याच्या जुन्या माणसांना चिंधाची पाठ चांगली ओळखीची होती. तोंड फारसं कुणी पाहिलं नव्हतं. वरात निघाली की पुढं ताशेवाले, त्यांच्यामागं झांजा, आणि त्यांच्यामागं कमरेत वाकून चालणारा एक गडी. त्याच्या पाठीवर सोनगीरच्या तांबटांनी ठोकलेला भला थोरला नगारा दोरांनी आवळलेला, आणि पाठोपाठ चालत दोन टिपऱ्यांनी तो नगारा बडवणारे हनीफभाई. सगळा गाव हनीफभाईंकडं बघे. माडीवरच्या बायका त्यांची मनगटं बघत, पोरं त्यांच्या टिपऱ्या बघत, आणि नवरदेवाचा बाप, आपण एवढ्या मोठ्या माणसाला आणलं हे लोकांना दिसतंय की नाही, ते बघे. वाकलेल्या गड्याकडं बघायचं काही कारणच नव्हतं. गवई रंगात आल्यावर त्याच्याखालची सतरंजी कोण बघतो?

पण हा गडी धुळ्याला नगारा वाहायला आलेला नव्हता. तो वाजवायला आला होता.

चिंधा मूळचा भडगावकडचा. गिरणाकाठी बापाची जमीन, विहीर, दारात बैल, घरात दाणे. निंबा आणि भागाबाई या जोडप्याची आधीची दोन्ही मुलं दगावली, म्हणून तिसऱ्याचं नाव त्यांनी चिंधा ठेवलं. यमानं वाकून पाहिलंच, तर त्याला वाटावं की हे काहीतरी फाटकंतुटकं पडलंय, आपल्या कामाचं नाही. यमाला ते पटलं. पुढं इतरांनाही पटत गेलं, तिथं घोटाळा झाला.

हात मात्र त्याला देवानं दिले होते. पाट, घागर, सूप, म्हशीची पाठ, जे हाताशी येईल ते तो वाजवी. शाळेत बाकावर बोटं वाजवली म्हणून मास्तरांनी छडी चालवली, तर त्यानं छडीच्याच ठेक्यावर पुढचं वाजवलं. त्या दिवसापासून शाळेची आणि त्याची फारकत झाली.

कायदेभंगाच्या आदल्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, गावात एक मोठं लग्न निघालं आणि त्याला धुळ्याहून झुलाल मास्तरची ताशा पार्टी आली. लाल बनातीचे कोट, छातीवर पिवळी जर, डोक्याला तुऱ्याचे फेटे. आखाजीच्या झोक्यांवर बसलेल्या माहेरवाशिणी झोके तसेच हलते सोडून वेशीकडं पळाल्या. नवरदेव घोड्यावर एकटा पडला. घोडासुद्धा मान वळवून ताशांकडंच बघत होता. आणि हनीफभाईंनी नगाऱ्यावर पहिली टिपरी टाकली, तेव्हा चिंधाच्या बरगड्यांमध्ये काहीतरी हललं, ते पुन्हा जागेवर बसलंच नाही.

तरणी पोरं ताशा पार्टीत का जातात, असं विचारलं की शहाणी माणसं पोटाकडं बोट दाखवतात. चिंधाच्या पोटाला काही कमी नव्हतं. पण खेड्यातल्या माणसाकडं सगळं गाव टक लावून बघतं ते दोनदाच, लग्नात आणि तिरडीवर. आणि दुसऱ्या वेळची मजा त्याला घेता येत नाही. वाजवणाऱ्याकडं मात्र रोज बघतात. एवढंच ते कारण. बाकी कलेची सेवा वगैरे शब्द त्याला पुढं धुळ्यात कळले.

भागाबाईनं भाकरी बांधून दिली, पण तोंड सोडलंच.

"आपले काय कमी शे रे? वाजाडणारले कोन पोर दी?"

"माय, त्यास्ना लाल कोट देखा का तू?"

"देखा. घामघाई वल्ला गच व्हता."

आईनं कोटाच्या आतला घाम पाहिला होता, पोरानं वरची जर. पोरगा धुळ्याला गेला.

झुलाल मास्तरचं बिऱ्हाड देवपुरात, पांझरा नदीपासून हाकेच्या अंतरावर. मास्तर म्हणजे अगडबंब माणूस. महूच्या छावणीत गोऱ्यांच्या बँडात होतो, असं तो सांगे. तिथं नक्की काय करत होता, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली की त्याच्या अंगणात नव्या पोरांची पारख होई. पारखीची रीत अशी: सारवलेल्या अंगणात नगारा मांडायचा, पोरानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, मागं हनीफभाईंनी ताशावर एक तुकडा वाजवायचा, आणि पोरानं मागं न बघता तो नगाऱ्यावर परत करायचा.

"वरातीत काय असतं?" मास्तर बाजेवर बसून सुपारी कातरत सगळ्यांना सांगे. "धूळ असते. नाचणारे मामे असतात. नवरदेवाचा रुसलेला मेव्हणा असतो. तिथं डोळ्यानं वाजवणारा मेला. कानानं वाजवा रे, कानानं!"

पार्टीतली जुनी खोंडं या दिवसाची वर्षभर वाट बघत. पारखीच्या टिपऱ्या ती आदल्या दिवशीच तेलात भिजवून ठेवत. बिचारा पोरगा अंबाबाईचं नाव घेऊन पहिली थाप मारी, टिपरी हातातून सुटून भिंतीवर आपटे, आणि अंगण हसून लोळे. चिंधाच्या आधीच्या पोराची टिपरी उडून त्याच्याच कपाळावर बसली. टेंगूळ घेऊन तो बाहेर पडला, तो गावाला जाईपर्यंत थांबला नाही.

चिंधानं टिपऱ्या हातात घेतल्या, वास घेतला, खाली बसून मूठभर मातीत घोळल्या, धोतराला पुसल्या आणि उभा राहिला. हसायला तयार झालेली तोंडं तशीच उघडी राहिली. मग हनीफभाईंनी तुकडा वाजवला, सोपा. यानं परत दिला. अवघड वाजवला. तोही दिला, जरा धसमुसळा, पण दिला.

हनीफभाईंनी मास्तरकडं पाहिलं. मास्तरनं सुपारी तोंडात टाकली. त्याच आठवड्यात नगारा वाहणारा जुना गडी कंबर धरून घरी बसला होता, आणि तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू.

"हात आहे," मास्तर म्हणाला. "पण ताल अजून पाठीत उतरलेला नाही. आधी पाठीत उतरतो, मग हातात येतो. एक हंगाम नगाऱ्याला पाठ दे. आमचे हनीफभाई एवढे झाले, ते कसे? पाठ देऊनच!"

ही गोष्ट हनीफभाईंनी स्वतः प्रथमच ऐकली; त्यांचा बाप नगारची होता आणि त्यांनी जन्मात नगारा पाठीवर घेतला नव्हता. पण तोंडात पान होतं, थुंकायला जागा नव्हती, म्हणून ते गप्प राहिले.

चिंधानं पाठ दिली.

पहिल्या हंगामात खांद्यांची सालं निघाली. टिपरी चुकली की डोक्यात बसे आणि मागून आवाज येई, "अबे, मुंडी खाली घाल ना! मैं बजाऊँ किधर?" पार्टीत त्याचं नावच 'पाठ' पडलं. "पाठ कुठाय?" "पाठीला जेवायला घाला रे." "पाठ, तुझ्या पोटाला किती भाकरी?" वाकून वाकून त्याला वराती दिसत त्या पायांच्या. नवरीची जोडवी, वऱ्हाड्यांच्या वहाणा, घोड्याचे खूर. अमळनेर, पारोळं, चाळीसगाव, सगळी गावं त्यानं जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच पाहिली.

आणि गंमत अशी झाली, की मास्तरनं मारलेली थाप खरी ठरली. ताल पाठीत उतरला. मणक्यामणक्यात उतरला. हनीफभाईंची टिपरी पडायच्या आत चिंधाचं पाऊल जाई आणि नगारा नेमका टिपरीला सामोरा येई. दुसऱ्या पार्ट्यांचे नगारे चालताना हेलकावत, दोर सैल होत, काठावर टिपरी वाजून ठणठणाट होई. इथं नगारा जणू पांझरेच्या घाटावर बांधून काढल्यासारखा. हनीफभाईंनी असं कधी वाजवलं नव्हतं. त्या वर्षी जळगावात एका चौकात दोन वराती समोरासमोर आल्या आणि मुकाबला जुंपला. अशा वेळी कुणी वाट देत नाही. दोन्ही पार्ट्या तोंडाला तोंड लावून वाजवतात, आणि जिचा ठेका आधी तुटेल तिनं नगारा जमिनीवर उतरवायचा, ही सगळ्या खानदेशची रीत. समोरच्यांचा नगारा उतरला. लोकांनी हनीफभाईंना खांद्यावर घेतलं. चिंधाला कुणी खांद्यावर घेणं शक्य नव्हतं, नगारा होता.

दुसऱ्या दसऱ्याला चिंधा पारखीला उभा राहिला. हात वर्षभर रिकामे होते, पण पाठ सगळं सांगत होती. हनीफभाईंनी तुकडा दिला, यानं सुरुवात झकास केली, आणि वाजवता वाजवता चालायला लागला. नगारा जमिनीवर, हा चालतोय. भिंतीवर गुडघा आपटला, तरी पाय थांबेनात. उभ्यानं त्याला वाजवताच येईना. पोरं पोट धरून हसली. कुणीतरी त्याचे पाय दोरीनं बांधले, तर ठेका तिथंच मेला.

"यंदाही पाठच," मास्तर म्हणाला. "घाई काय आहे?"

मास्तरला घाई नव्हतीच. आता त्याचं गणित सरळ होतं. वाजवणारे पुष्कळ मिळतात. अशी पाठ पुन्हा मिळणार नाही. चिंधा जितका चांगला चाले, तितकी त्याची पाठ पक्की होत होती. हे पार्टीत सगळ्यांना कळलं होतं. फक्त पाठीला कोण सांगणार?

तिकडं सोनगीरला नात्यातल्या जीवराम आबांची कमल त्याला सांगून आली होती. पोरगी नाकीडोळी नीटस आणि चिंधाचा तिच्यावर जीव. आबांनी स्वच्छ सांगितलं, "मनी पोर बैलले देवानी नही. कोट लयी ये, पोर लयी जाय." म्हणजे वाजवणाऱ्यांत जाऊन बस, लाल कोट घालून दारात उभा राहा, मग बोलू. नगारा वाहणाऱ्याला पार्टीत कोट नसे. त्याच्या अंगात जुनी बंडी, कोण बघतोय? तेव्हापासून चिंधाला पारखीचं वेड लागलं. दसरा जवळ आला की तो जेवेनासा होई. दर वर्षी भिंतीकडं तोंड करून उभा राही, दर वर्षी मास्तरला काहीतरी खोट सापडे, आणि दर वर्षी कमलचा बाप म्हणे, "बरं, पुढला दसरा." कमलचं वय वाढत होतं. सोनगीरच्या बायका तिला पाणवठ्यावर विचारत, "कोट उना का वं?"

असं करता करता एक दिवस पांझरेच्या वाळूत चिंधा अंघोळ करून बसला होता. मागून हनीफभाईंनी हाक मारली. एकदा, दोनदा. मग ते जवळ आले, कानाशी टाळी वाजवली. चिंधा नदीकडं बघत तसाच बसलेला. हनीफभाई वळसा घालून समोर आले, तसा हा धडपडत उठला.

"कधीपासून?" हनीफभाईंनी विचारलं.

चिंधानं त्यांच्या ओठांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भाई, नगारा समजस. माणसं समजतस नहीत. ताशा तं बिलकुल नही. मास्तरले सांगू नका. पाया पडस."

इतकी वर्षं तो नगारा त्याच्या दोन्ही कानांच्या मागं बडवला जात होता. बारीक आवाज आधी गेले, मग बायकांचे, मग सगळ्यांचे. मोठे ठोके तेवढे राहिले होते, तेही कानात नाही, हाडांत. आणि पारख होती ताशाची, पाठमोऱ्यानं.

हनीफभाई माणूस वाईट नव्हता. ते चिंधासमोर वाळूतच बसले. "तेरे कान तो मैंने खाए रे," ते म्हणाले, आणि हे वाक्य चिंधाला ओठांवरून बरोबर कळलं. मग हनीफभाईंनीच तोड काढली. ताशा वाजवताना ते उभे राहतील आणि दर ठोक्याला पाय आपटतील. चिंधानं अनवाणी उभं राहायचं; ठोका जमिनीतून तळव्यात येईल, तो हातानं परत द्यायचा. वाळूत काही कळेना, म्हणून दोघं घाटाच्या फरशीवर गेले. तिथं कळलं. पावसाळाभर रोज दुपारी दोघांचा हा उद्योग चालला. चिंधा देवळाच्या भिंतीकडं तोंड करून उभा, मागं हनीफभाई पाय आपटतायत, आणि चिंधा मांडलेल्या पाटावर तुकड्यामागून तुकडा परत देतोय. उभ्यानं वाजवायलाही तो यंदा शिकला. कपडे धुणाऱ्या बायकांना वाटे, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय. हनीफभाईंच्या घरून सकीनाभाभी चहा पाठवी. चिंधा इतका सुखात कधीच नव्हता. जीवराम आबांना त्यानं निरोप धाडला: यंदा कोट नक्की.

दसऱ्याच्या आधी जळगावहून रतिलाल शेठ मास्तरकडं येऊन गेला. कापसाचा मोठा व्यापारी. त्याच्या मुलाचं लग्न तुळशीनंतर लागणार होतं आणि त्यानं दोन पार्ट्या मुद्दाम बोलावल्या होत्या: झुलालची एक आणि बऱ्हाणपूरची एक, जिच्या नगारच्याचं नाव ऐकून लोक कानाला हात लावत. भर पेठेत मुकाबला लावायचा होता. शेठ गेल्यावर मास्तर हनीफभाईंना घेऊन ओसरीत बराच वेळ बोलत बसला. चिंधा लांब अंगण सारवत होता. काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही. जवळ असता तरी कळलं नसतं. मास्तरनं बोट दाखवलं ते मात्र त्याच्याकडंच, आणि ते मुकाबल्याच्या कौतुकाचं असेल असं समजून चिंधानं लांबूनच हात जोडले.

दसरा उजाडला. वाद्यांना झेंडू वाहिले, आपटा वाहिला. पोरांची पारख झाली, टिपऱ्या उडाल्या, हशा झाला. मग चिंधा उठला. त्यानं वहाणा काढल्या. हनीफभाई ताशा गळ्यात अडकवून उभे होते. दोघांची नजर एकदा भेटली. चिंधा भिंतीकडं वळला.

समोर चुन्याची भिंत, तिच्यावर मुंग्यांची एक रांग. चिंधानं तळवे जमिनीला घट्ट टेकवले आणि वाट बघितली. काही नाही. हनीफभाई ताशा शेकत असतील, चामडं ताणत असतील. त्यानं अंगठे रोवले. काही नाही. मुंग्या चालल्या होत्या. कपाळावरून घाम नाकावर आला, पुसायला हात उचलायची सोय नव्हती. मागं काय चाललंय ते वळून बघावं, तर पारख तिथंच संपली.

आणि मग आलं. तळव्यात बारीक थरथर. पहिल्यांदा पुसट, मग चांगली जोरात. धडक्, धड्-धडक्. ठेका जरा लंगडा होता, एक ठोका मधेच उचकी लागल्यासारखा. यंदा हनीफभाईंनी अवघडच काढलंय, चिंधाला वाटलं. पण पाय खोटं सांगणार नाहीत. त्यानं टिपऱ्या उचलल्या आणि तो तुकडा जसाच्या तसा परत दिला, त्या उचकीसकट. पुन्हा दिला. मनगटं अशी मोकळी कधी चालली नव्हती. थरथर वाढली, त्यानं हात वाढवला; थरथर हळूहळू कमी झाली, त्यानं हात उतरवत आणला, आणि शेवटचा ठोका अलगद ठेवून तो वळला.

अंगण लोळत होतं. एक झांजवाला जमिनीवर पालथा पडून मुठी आपटत होता. मास्तरचं पोट हादरत होतं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कुणीतरी रस्त्याकडं बोट केलं. सरकी काढणाऱ्या जिनाकडं चाललेली कापसाची एक लादलेली गाडी देवपूरच्या चढावर पुढं गेली होती. तिच्या एका चाकाची लोखंडी धाव उचकटलेली, आणि दर फेऱ्याला ती दगडावर आपटत होती. चिंधानं ती गाडी वाजवली होती. गाडी फाटकाशी आली तसा त्याचा हात वाढला, पुढं गेली तसा उतरला.

हनीफभाई हसत नव्हते. ते बाजेवर मांडी घालून बसले होते. ताशा मांडीत. दोन्ही पाय धोतराखाली दुमडून घेतलेले.

चिंधा त्या मांडीकडं बघत राहिला. हनीफभाईंनी जमिनीकडं पाहिलं, मग पानाचा डबा उघडला आणि त्यात काहीतरी हरवल्यासारखे शोधत बसले.

"अरे, माणसं आमचा ताशा ऐकतात, हा बैलांचा ऐकतो!" मास्तर ओरडला. मग डोळे पुसून जवळ आला, चिंधाच्या तोंडासमोर तोंड आणून, ओठ मोठे करत, सगळ्यांदेखत म्हणाला, "कान. गेले. तुझे. आम्हाला काय माहीत नव्हतं होय? पण पाठीला कान कशाला लागतात?"

आणि मग मास्तरनं उदारपणा केला. रतिलाल शेठच्या लग्नात पार्टी नटूनथटून जायची होती, बंडीतला माणूस मधे बरा दिसला नसता. त्यानं शिंप्याला सांगून चिंधासाठी कोट शिवून घेतला. लाल बनात, छातीवर जर, पितळी गुंड्या. फक्त मागची बाजू गोणपाटाची केली. तिथं नगाराच येणार, चांगलं कापड घासून फुकट जाईल, आणि दिसणार तरी कुणाला?

चिंधा तो कोट घालून सोनगीरला गेला. हे त्यानं का केलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कदाचित अर्धा कोट म्हणजे अर्धी हो म्हणतील, असं वाटलं असेल. जीवराम आबा ओट्यावर बसले होते. दारामागं कमल उभी होती, हे बांगड्या दिसल्या म्हणून कळलं. आबांनी समोरून कोट पाहिला, जरीवरून हात फिरवला, मान डोलावली. चिंधा हसला. मग आबांनी बोटानं खूण केली: जरासा फिर बरं.

चिंधा उभाच राहिला.

आबांनी पुन्हा खूण केली. शेजारपाजार जमला होता. चिंधा फिरला. मागं काय झालं ते त्याला ऐकू आलं नाही, ही त्या दिवसातली एकुलती एक सोय. पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा दारातल्या बांगड्या गेल्या होत्या आणि आबा ओट्यावरचा तांब्या उचलून आत निघाले होते. त्याच मार्गशीर्षात कमल एका पोस्टातल्या शिपायाला दिली. त्याला वर्दी पुढूनमागून सरकारची होती.

पण त्याआधी जळगावचा मुकाबला झाला.

चिंधानं मनाशी ठरवून टाकलं होतं. पळून जायचं नाही, भांडायचं नाही. नगारा पाठीवर घ्यायचा, भर पेठेत जायचं, आणि बऱ्हाणपूरवाल्यांनी दुप्पट लयीची दुगण सुरू केली, हनीफभाईंचा हात सगळ्यात जलद पडायला लागला, की डावं पाऊल मागं ठेवायचं. एवढंच. नगारा हेलकावेल, टिपरी काठावर बसेल, ठेका तुटेल. मग मास्तरनं शेठच्या देखत नगारा जमिनीवर उतरवावा, आणि हनीफभाईंनी मांडी घालावी त्याच्याशेजारी. या विचारानं त्याला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

पेठ माणसांनी फुलली होती. गच्च्या, ओटे, कापसाच्या गाड्यांची छपरं, जिथं पाय ठेवता येईल तिथं माणूस. दोन्ही पार्ट्या समोरासमोर आल्या. चिंधाला समोरच्यांचे पाय दिसत होते, आणि त्यांच्या नगाऱ्याखालच्या गड्याचेही. म्हातारे पाय होते, फुगलेल्या शिरांचे. ठेका चढत गेला. समोरून दुगण आली. ती चिंधाला पोटात कळली. हनीफभाईंनी उत्तर दिलं आणि पाठीवर टिपऱ्यांचा पाऊस सुरू झाला.

आता. चिंधानं डाव्या पायाला सांगितलं, राहा.

पाय पुढं गेला.

त्यानं दात खाल्ले, पुन्हा सांगितलं. पुन्हा पाय नेमका ठोक्यावर पडला. टिपरी पडायच्या आत कंबर वळत होती, खांदा देत होता, नगारा सामोरा जात होता. इतकी वर्षं रोज घोटलेलं ते शरीर त्याचं ऐकतच नव्हतं. ते हनीफभाईंचं ऐकत होतं. शेवटी त्यानं पडायचंच ठरवलं. गुडघा दुमडला, जमिनीपर्यंत नेला. पण गुडघा टेकला तोही समेवर, आणि मागून टिपरीनं त्याला असा उचलून धरला, की सगळी पेठ ओरडली. लोकांना वाटलं, ही झुलालच्या पार्टीची नवी लकब आहे. झांजवाल्यांनीसुद्धा पुढच्या समेला गुडघे टेकले. चिंधानं चिडून पुन्हा अंग टाकलं, पुन्हा समेवर. बऱ्हाणपूरचा नगारची हे बघून क्षणभर चकला. तेवढं पुरलं. त्याची टिपरी काठावर ठणकन् वाजली असणार, कारण समोरचे म्हातारे पाय थांबले, आणि मग तो नगारा हळूहळू खाली येऊन धुळीत बसला.

गुलाल उडाला. रतिलाल शेठनं हनीफभाईंच्या गळ्यात हार घातला, मास्तरला मिठी मारली. कोटाच्या जरीवर गुलाल पडला, तो चिंधानं वाकल्या वाकल्या पाहिला. मास्तर त्याच्याकडं बघून हातवारे करत ओरडला, "पाठ, चल! वरात खोळंबलीय!"

चिंधा ऐकत नव्हता, आणि बघतही नव्हता. तो पेठेच्या मधोमध उभा राहिला होता. वऱ्हाड मागं अडलं, घोडं फुरफुरलं, लोक पुढं ढकलू लागले. झांजवाल्यानं कोपर धरून ओढलं, तरी हलला नाही.

तेव्हा हनीफभाईंनी हार मागं सारला, टिपरी न उचलता नगाऱ्यावर नुसतं बोट वाजवलं, दोनदा, अगदी हलकं. आणि चिंधाचे पाय चालायला लागले.